मदत हवी आहे: खडकावरचं हे पिवळं दगडफूल (लायकेन) कोणतं?

चोपडेकर_सर: फोटो जोडलाय. नाव सांगा फक्त. विज्ञान प्रदर्शनाचा फलक उद्या छापायला जातोय. गूगल लेन्स दर वेळी नवीनच काहीतरी सांगतं.

तापीकाठ: फोटो कुठला? तोरणमाळचा?

भुसावळकर_काका: दगडफूलच ते. आमच्याकडे काळ्या मसाल्यात घालतात. तेलात परता, पण करपू देऊ नका, शेवभाजी कडू होते.

चोपडेकर_सर: काका, मसाल्याचं नाही विचारलं हो. फोटो बेदिनी बुग्यालचा, म्हणजे उत्तराखंडातल्या उंचावरच्या कुरणाचा.

लायकेन_धुळे: मग हे आधी सांगायचं ना सर! उंची तिथे ३३०० मीटरच्या वर. फोटो मोठा करून बघा: काळे ठिपके पिवळ्या खवल्यांच्या आत आहेत की मधल्या फटींत? कडेला काळी किनार? खडक कसला?

चोपडेकर_सर: ठिपके फटींत. किनार काळी. खडक करडा, चकाकणारा.

लायकेन_धुळे: चकाकी अभ्रकाची असणार, म्हणजे चुनखडी नाही. ऱ्हायझोकार्पन वंशातलं आहे, प्रजाती बहुतेक जिओग्राफिकम. अॅकॅरोस्पोरा हे दुसरं दगडफूलही पिवळं असतं, पण त्याला ही काळी किनार नसते. काका, मसाल्यातलं पार्मोट्रेमा. ते पानासारखं सुटतं, हे सुरीनेही निघत नाही.

रसायन_जळगाव: एवढं कशाला? कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाका, लालजांभळं झालं की ओळख पक्की.

लायकेन_धुळे: ते झँथोरिया नावाच्या नारिंगी दगडफुलासाठी. हा पिवळा रंग ऱ्हायझोकार्पिक आम्लाचा, पोटॅशने लाल होत नाही. आणि थेंब टाकणार कशावर, मोबाईलवर?

रसायन_जळगाव: मग तुकडा खरवडून आणायचा होता. सरांनी तयारीच केली नाही.

तापीकाठ: खरवडायचं कशाला? वर्षाला मिलीमीटरभरही वाढत नाही हे. हिमनदी कधी मागे सरली, ते याच्या व्यासावरून ताडतात. १९५० च्या दशकात बेशेल या शास्त्रज्ञांनी ती पद्धत पुढे आणली. बुग्यालात रात्री तंबू ठोकायलाही २०१८ मध्ये हायकोर्टाने बंदी घातली, आणि तुम्ही छिन्नी घेऊन निघालात.

नंदुरबारी_भाऊ: आम्हना तोरणमायले बी शे पिवयं दगडफूल. इतलं लांब कशाले गयात?

चोपडेकर_सर: मुख्याध्यापक म्हणतात पूर्ण नाव हवंच. जिओग्राफिकम टाकून देऊ?

लायकेन_धुळे: नका टाकू. या वंशात पिवळ्या प्रजाती बऱ्याच आहेत. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, आतल्या पांढऱ्या थरावर आयोडीन टाकून निळं होतं का तेही. 'ऱ्हायझोकार्पन, पिवळा गट' एवढंच छापा. मुख्याध्यापकांना माझा प्रतिसाद दाखवा.

भुसावळकर_काका: पार्मोट्रेमा किलोने कुठे मिळेल?