श्रद्धा आपली, मोकळीक सगळ्यांची : तुमचे अनुभव लिहा

मी मूळची पुण्याची, आता बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीत आहे. इथे शिकत असताना मी लेटर-डे सेंट्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्यांना सगळे मॉर्मन म्हणतात, ते चर्च. दर रविवारी वॉर्डात, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळीत जाते, उत्पन्नातला दशांश देते, चहा-कॉफी घेत नाही, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करते, लहान मुलांचा वर्ग घेते. त्याचबरोबर बायकांना प्रीस्टहूड, म्हणजे चर्चमध्ये विधी करण्याचा आणि कारभार चालवण्याचा अधिकार, मिळावं असं मला मनापासून वाटतं. समलिंगी जोडप्यांना आमच्या बाकांवर मानानं बसता यावं असंही वाटतं, आणि कुणी विचारलं तर मी ते स्पष्ट सांगते. अशांना इथे प्रोग्रेसिव्ह मॉर्मन म्हणतात.

पुण्यातले नातेवाईक विचारतात, एवढं पटत नाही तर सोडून का देत नाहीस? वॉर्डातले काही जणही अगदी हेच विचारतात.

धागा काढण्याचं कारण निराळं आहे. 'धर्मस्वातंत्र्य' म्हटलं की हल्ली जो तो आपल्यापुरतं मागतो. आमच्या लोकांनी तरी तसं करू नये, कारण ते नसलं की काय होतं ते त्यांनी भोगलंय. १८३८ च्या ऑक्टोबरात मिझुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला, की मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांना संपवा नाहीतर राज्याबाहेर घालवा. तीनच दिवसांत हॉन्स मिल या वस्तीवर सशस्त्र जमाव चालून गेला आणि सतरा माणसं मारली गेली. तो हुकूम रीतसर रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं.

तिथून हाकललेल्यांनी इलिनॉयमध्ये नॉव्हू हे गाव वसवलं आणि १८४१ साली धर्मस्वातंत्र्याचा ठराव केला. त्यात कॅथलिक, बाप्टिस्ट, क्वेकर यांच्याबरोबर मुसलमानांचंही नाव आहे. त्या गावात तेव्हा एक तरी मुसलमान असेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी ते घातलं, आणि याचा मला अभिमान आहे. पण त्याच नॉव्हूत १८४४ मध्ये चर्चशी न पटणाऱ्यांनी वर्तमानपत्र काढलं, तेव्हा महापौर जोसेफ स्मिथ आणि नगर परिषदेच्या हुकमानं त्यांचा छापखाना मोडण्यात आला. परक्यांना जागा देणारे आपल्यातल्या विरोधकाला जागा देऊ शकले नाहीत. माझ्यासारखीला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, कुठलाही नसलेले असा. आपल्याच लोकांशी न पटतानाही त्यांच्यात राहिलात का? दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी कधी बोलावं लागलं का? सविस्तर लिहा. नावं नकोत, गावं चालतील.

लीहाय, युटा

आम्ही हिंदू. गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन. पहिल्या वर्षी गणपतीला शेजारचे आजोबा शिडी घेऊन आले आणि दारावर तोरण बांधून गेले. आरतीला त्यांचं सगळं घर हजर. प्रसादाआधी त्यांनी विचारलं, 'हे खाल्लं म्हणजे आम्ही पूजा केली असं होतं का? तसं असेल तर आम्ही नुसते बसतो.' मला हा प्रश्न फार आवडला. त्यांनी आपला धर्मही जपला आणि आमचाही.

दुसरी बाजूही लिहितो. मुलगी तिसरीत असताना एका घरानं मुलांना तिच्याशी खेळू देणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. तिच्या वयाच्या सगळ्या मुली रविवारी चर्चमध्ये, बुधवारी चर्चच्या कार्यक्रमात, आणि ही खिडकीत. याच्यावर तोडगा काढला तो रिलीफ सोसायटीतल्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेतल्या, एका बाईंनी. त्यांनी त्या घरी जाऊन काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढच्या शनिवारी मुलं अंगणात होती.

दर मार्चमध्ये आम्ही स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला जातो. डोंगराच्या पायथ्याशी घुमट आणि समोर रंगात न्हालेली हजारो पोरं. त्यातली बहुतेक आसपासच्या कॉलेजांतली मॉर्मन मुलं. दारूचा थेंब नसलेली इतकी मोठी होळी मी महाराष्ट्रातही पाहिली नाही.

मुंबई

ताई, मी इथला, तुमच्याच चर्चचा सदस्य. भारतात आमची संख्या थोडी आहे. पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा मिळून झालेला विभाग, २०१२ मध्ये हैदराबादला झाला, आणि टेंपल, म्हणजे खास विधींचं मंदिर, बंगळुरूला होणार असं २०१८ मध्ये जाहीर झालं. लोकांना वाटतं हे कालपरवाचं खूळ. पण ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ मध्येच मुंबईत उतरले होते आणि पुण्याच्या छावणीत त्यांनी छोटी मंडळी उभी केली होती. ती टिकली नाही.

माझी रोजची परीक्षा चहाची. कुणाच्याही घरी गेलं की चहा आलाच, आणि नको म्हटलं की यजमानाचा चेहरा उतरतो. मी आधीच पाणी नाहीतर कोकम सरबत मागून घेतो. आई पहिली दोन वर्षं बोलत नव्हती. आता गणपतीत मी सजावट करतो, पाहुण्यांचं बघतो, आरतीला घरच्यांबरोबर उभा राहतो. ताम्हण माझ्या हातात कुणी देत नाही, मीही मागत नाही. आमच्यात ते न बोलता ठरलंय. माझ्या चर्चमधल्या एकाला एवढंही खपत नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या आईच्या घरात तिच्या देवाचा मान ठेवणं ही माझी श्रद्धाच आहे.

दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी बोलायची वेळ आमच्या सोसायटीत आली. एका सभासदानं फ्लॅट मुसलमान कुटुंबाला भाड्यानं द्यायचं ठरवलं. नवरा-बायको दोघं डॉक्टर. लगेच जनरल बॉडीची मीटिंग लागली. कुणी उघड काही बोलेना. 'मांसाहाराचा वास', 'पाहुण्यांची वर्दळ', 'आपल्या सणांचं काय' असं चाललेलं. मासळीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये भेटणारी मंडळीच वासाचं बोलत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'मी ख्रिस्ती आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मी इथे जन्मलो म्हणून चालतो. आज फ्लॅट शोधत आलो असतो तर माझ्यावरही अशीच मीटिंग लावली असती का?' पहिल्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडे रोज हरिपाठ असतो, त्या म्हणाल्या, 'लावली असती, आणि ते चूक झालं असतं.' मग चर्चा पुढे सरकली नाही. कुटुंब राहायला आलं.

घटनेचं कलम २५ आम्ही चर्चमध्ये वाचतो. सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य, आणि धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये म्हटलं. मी स्वतःहून कुणाच्या हातात पत्रक देत नाही. पण मी जे स्वतः विचार करून स्वीकारलं, त्याला कुणी 'केलं गेलेलं धर्मांतर' म्हटलं की मला ते लागतं. मीच ठरवलं, एवढं तरी माझ्या पदरात राहू द्या.

नागपूर, सध्या ह्यूस्टन

जय भीम. धागा चांगला आहे, म्हणून सरळच विचारतो. तुमच्या चर्चमध्ये १९७८ पर्यंत काळ्या पुरुषाला प्रीस्टहूड नव्हतं. काळ्या कुटुंबाला टेंपलमधले विधी नव्हते. जन्मावरून पायरी ठरवणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावायला नको. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर ते करून दाखवलं. माझी आजी त्या गर्दीत होती, कडेवर माझे वडील. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी अभ्यास केला, धर्म पारखले. माझ्यासाठी धर्मस्वातंत्र्य म्हणजे आधी बाहेर पडण्याचं स्वातंत्र्य. आत राहून सुधारणा करू म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्या सुधारणेची वाट बघत किती पिढ्या घालवायच्या?

धागाकर्ती

तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. एलायजा एबल या काळ्या माणसाला १८३६ मध्येच प्रीस्टहूड मिळालं होतं. म्हणजे सुरुवातीला भिंत नव्हती. ती १८५२ मध्ये ब्रिगम यंग यांनी उभी केली आणि एकशे सव्वीस वर्षं राहिली. तिच्या समर्थनार्थ जे काही शिकवलं गेलं ते चर्चनं २०१३ मध्ये लेखी नाकारलं. माफी मागितलेली नाही. मागायला हवी, असं मी वॉर्डातही म्हटलंय.

मी का राहते? ज्या प्रार्थनेनं मला देव भेटला ती या लोकांनी शिकवली. ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. आणि राहून बोलण्याची किंमत ठाऊक आहे. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९ मध्ये बहिष्कृत केलं. बायकांच्या प्रीस्टहूडसाठी 'ऑर्डेन विमेन' उभी करणाऱ्या केट केली यांना २०१४ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, सर्वसाधारण परिषदेत पहिल्यांदा एका स्त्रीनं प्रार्थना म्हटली. १८३० पासूनच्या चर्चमध्ये पहिल्यांदा! तो क्षण मी टीव्हीसमोर रडत पाहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी रडावं लागतं याचा रागही होता त्यात.

पण तुमच्या आजीचा निर्णय माझ्यापेक्षा कमी धार्मिक होता असं मी कधीच म्हणणार नाही. जे चर्च बाहेर जाणाऱ्याचा मान राखत नाही, त्याला आत येणाऱ्याचा आनंद मानायचा अधिकार नाही, असं माझं मत आहे.

बंगळुरू

मी बाहेर पडलो, रीतसर पत्र देऊन. भांडण नव्हतं. देवावरचाच विश्वास गेला. बायको अजून जाते आणि मी तिला रविवारी गाडीनं सोडतो. माझी एकच विनंती, धर्मस्वातंत्र्याबद्दल बोलताना आम्हा नास्तिकांना यादीत धरा.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

२००८ साल. प्रॉप आठ, म्हणजे समलिंगी विवाह बंद करणारी राज्यघटना दुरुस्ती मतदानाला होती, आणि चर्चच्या अध्यक्षमंडळाचं पत्र कॅलिफोर्नियातल्या वॉर्डांत वाचून दाखवलं होतं, की वेळ आणि पैसा द्या. आमच्या वॉर्डात फोन करणाऱ्यांची यादी फिरली. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ती न भरता पुढे दिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, विसरलात का? मी म्हटलं, नाही. नंतर बरेच आठवडे माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

माझं म्हणणं साधं होतं. १८७९ च्या रेनल्ड्स खटल्यात सुप्रीम कोर्टानं आमच्याच पूर्वजांना सांगितलं होतं, की श्रद्धा काहीही ठेवा, पण बहुपत्नीत्व चालणार नाही. मला बहुपत्नीत्वाचा पुळका नाही. पण सरकार बहुमताच्या नीतीनं आपल्या घरात शिरलं तेव्हा काय वाटलं हे ज्यांच्या आज्यांच्या डायऱ्यांत लिहिलंय, त्यांनी तेच दुसऱ्याच्या घरात करावं हे मला पटेना.

तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी त्यानं सांगितलं की तो गे आहे. मधे नोव्हेंबर २०१५ मध्ये, समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा नाही असा नियम आला आणि एप्रिल २०१९ मध्ये मागे घेतला गेला. मुलगा आता चर्चमध्ये येत नाही. मी जाते. तो विचारतो, 'आई, तुला तिथे काय मिळतं?' मी त्याला खरं तेच सांगते, ख्रिस्त मिळतो आणि त्रासही होतो.

एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. युटानं २०१५ मध्ये नोकरी आणि घराच्या बाबतीत समलिंगी आणि ट्रान्स लोकांशी भेदभाव करायला बंदी घातली. त्याच कायद्यात धार्मिक संस्थांना सूट ठेवली, आणि चर्चनं त्याला पाठिंबा दिला. २०२२ मध्ये समलिंगी विवाहाला संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्यालाही दिला. आमच्यातले काही प्रोग्रेसिव्ह याला दिखावा म्हणतात. मला तसं वाटत नाही. चर्चनं आपली शिकवण बदलली नाही, पण शिकवण न मानणाऱ्यांना घर मिळावं हे मान्य केलं. कायद्याकडून मला एवढंच हवं. बाकीचं मी वॉर्डात भांडून घेईन.

चिपळूण, सध्या प्रोव्हो

सलाम. मी कोकणी मुसलमान, घरात मराठी आणि कोकणी. इथे आले तेव्हा स्कार्फमुळे लोक बघतील अशी धास्ती होती. बघितलं, पण पहिला प्रश्न आला तो रोज्याबद्दल, 'पाणीसुद्धा नाही?' मी म्हटलं, नाही. शेजारीण म्हणाली, 'आमच्या उपासालाही पाणी नाही, पण आम्ही दोनच जेवणं सोडतो. तुम्ही महिनाभर कसं करता?' डुकराचं सोडून बाकी काय चालतं याची तिनं यादी मागून घेतली. दारू कुणाकडेच नाही, त्यामुळे कुणाच्या पार्टीला जाताना माझ्या पोटात गोळा येत नाही.

२०१७ च्या जानेवारीत मुसलमान देशांवरची प्रवासबंदी आली. भारत त्या यादीत नव्हता, पण मी रात्ररात्र जागी होते. त्या बंदीविरुद्धच्या खटल्यात मॉर्मन इतिहासाच्या अभ्यासकांनी कोर्टात निवेदन दिलं. १८७९ मध्ये अमेरिकेनं युरोपातल्या सरकारांना मॉर्मन लोकांना इकडे येऊ देऊ नका असं कळवलं होतं, त्याची आठवण त्यांनी करून दिली. शेजारणीनं ते छापून आणून मला वाचून दाखवलं. ती रिपब्लिकन आहे. माझे आणि तिचे राजकारणावर आजही वाद होतात.

पण धागाकर्तीनं विचारलंय ते माझ्या बाजूनंही विचारायला हवं. माझा चुलतभाऊ चार वर्षांपूर्वी इस्लाम सोडून वेगळा झाला. दुसरा धर्म घेतला नाही, नुसता थांबला. घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. माझ्यासाठी परके लोक कोर्टात उभे राहिले, आणि मी माझ्या भावासाठी फोनवरही बोलू नये, हे मला सहन होईना. गेल्या सुट्टीत गावी गेले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, दीनमध्ये जबरदस्ती नाही हे कुराणात आहे, ते आपल्या घराला लागू आहे की नाही? काका उठून गेले. अम्मीनं मात्र येत्या ईदला त्याला जेवायला बोलवायचं ठरवलंय. अब्बांनी अजून हो म्हटलेलं नाही.