बचाव येणार नाही असं धरूनच दुर्गम उंच ट्रेक आखावा का?

हिमरेषा (धागाकर्ता)

पाकिस्तानातल्या कराकोरमचा बियाफो–हिस्पर, भूतानचा स्नोमॅन, नेपाळचं अप्पर डोल्पो, ताजिकिस्तानच्या पामीरमधल्या बारतांगच्या आतल्या दऱ्या. अशा वाटांच्या आखण्या पाहिल्या तर सुरक्षिततेच्या रकान्यात बहुतेकदा एकच ओळ सापडते: सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं उपकरण) घेतला आहे, हेलिकॉप्टरचा विमा काढला आहे. माझं मत स्पष्ट आहे. ही आखणी नव्हे. बचाव पथक येणारच नाही असं धरून ट्रेक आखावा, आणि तशी आखणी जमत नसेल तर ती वाट सोडून दुसरी निवडावी.

उंचीच्या आजारावरचा खरा इलाज म्हणजे खाली उतरणं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खाली म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न नकाशा समोर ठेवून कुणी विचारत नाही. हिस्पर ला ('ला' म्हणजे खिंड) ५१२८ मीटरवर आहे. तिच्या पूर्वेला बियाफो हिमनदी साठ किलोमीटरहून जास्त पसरली आहे आणि तिचा उतार अगदी मंद आहे. तिच्या वरच्या टोकाला असलेल्या स्नो लेक या बर्फाच्या मैदानावरच्या कॅम्पवरून किलोमीटरमागे ढोबळमानाने तीसेक मीटरच उंची कमी होते. म्हणजे १००० मीटर उतरायला तीस-पस्तीस किलोमीटर चाल, तीही भेगा आणि मोरेनच्या (हिमनदीने वाहून आणलेल्या) दगडांतून. धडधाकट माणसाचे दोन-तीन दिवस जातात. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला उचलून न्यायचं तर किती जातील याचा विचार करा.

अप्पर डोल्पोत अडचण वेगळ्या प्रकारची. शे गोम्पा या मठाहून फोक्सुंडो तलावाच्या बाजूला उतरायचं तर आधी ५३०० मीटरच्या वरची कांग ला चढावी लागते. भूतानच्या स्नोमॅन वाटेवरच्या लुनाना भागातही आत यायला आणि बाहेर पडायला ५००० मीटरच्या आसपासच्या खिंडीच ओलांडायच्या. तिथे 'त्रास झाला तर उतरू' या वाक्याचा अर्थच उरत नाही, कारण उतरण्यासाठी आधी चढावं लागतं.

पेरूतलं वाय्वाश याच्या उलट आहे. खिंडी ४७०० ते ५००० मीटरच्या, कॅम्प बहुतेक ४००० च्या वर, पण वाटेत वाय्यापा हे गाव ३६०० मीटरच्या आसपास आहे आणि त्या बाजूचे कॅम्प एका दिवसात तिथे उतरवतात. उंची जवळपास तेवढीच, दुर्गमपणा मात्र निराळा.

म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या जागेपुढे एक आकडा लिहावा: चढ न चढता १००० मीटर खाली जाऊन झोपायला इथून किती तास लागतील. तो आकडा चोवीसच्या पुढे गेला की त्या टप्प्यात दाबाची बॅग (आजाऱ्याला आत झोपवून हवेचा दाब वाढवायची पिशवी), औषधं आणि आजाऱ्याला उचलण्याइतकी माणसं सोबत हवीतच. नसतील तर तिथे मुक्काम नको.

कातळकडा

आकड्याची कल्पना चांगली आहे. पण 'येणारच नाही असं धरा' याच्याशी पूर्ण असहमत, कारण त्यातून लोक मेसेंजर घरी ठेवतात. या उपकरणाचा मोठा उपयोग एसओएस नसून हवामान हा आहे.

ऑक्टोबर २०१४ चं उदाहरण घ्या. हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. १४ तारखेला त्याचे अवशेष नेपाळवर पोचले आणि ५४१६ मीटरच्या थोरोंग ला परिसरात प्रचंड बर्फ पडलं. अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. मधे जवळजवळ दोन दिवस होते. वादळ येतंय ही एक ओळ खालच्या लॉजपर्यंत पोचली असती आणि मानली गेली असती, तर खिंडीवर त्या सकाळी इतकी गर्दी नसती. हेलिकॉप्टरचा इथे संबंधच नाही. माहितीचा आहे.

दुसरं म्हणजे बचाव म्हणजे फक्त हेलिकॉप्टर नव्हे. वाय्वाशमध्ये आजारी माणूस सहसा घोड्यावरून उतरतो. निरोप गावात आज पोचला तर घोडा उद्या येतो. माणूस पाठवून निरोप द्यायचा तर एक दिवस तिथेच गेला. दुतर्फा मेसेज असेल तर खालचा डॉक्टर लक्षणं विचारू शकतो, डोस सांगू शकतो. तुमचं 'कुणी येणार नाही' हे वाक्य हे सगळं एका फटक्यात पुसून टाकतं.

हिमरेषा

उपकरण घरी ठेवा असं मी म्हटलेलं नाही. घ्याच. पण त्याच्या भरवशावर मुक्कामाची उंची ठरवू नका. हवामानाचा मुद्दा मान्य, एका पुस्तीसह: अंदाज मागताना खिंडीचे अक्षांश-रेखांश टाका, कॅम्पचे नकोत. मॉडेलला डोंगराचे कडे-कंगोरे दिसत नाहीत, ते सपाट करून आकडा देतं. दरीतला अंदाज शांत वारा दाखवतो आणि वर खिंडीत उभं राहता येत नाही.

उपग्रहवाला

उपकरणांबद्दल दोन्ही बाजू थोडं ढोबळ बोलत आहेत.

पीएलबी, म्हणजे फक्त संकटाचा संकेत देणारं खिशातलं उपकरण, ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-बचाव यंत्रणेला संकेत पाठवतो. बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, सुरू केल्यावर किमान २४ तास चालते, पण संवाद एकतर्फी असतो. पाय मोडला की मेंदूला सूज आली हे पलीकडच्याला कळत नाही. इरिडियम उपग्रहांवर चालणारे मेसेंजर दुतर्फा आहेत आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत चालतात. मात्र अरुंद दरीत आकाशाची फटच दिसत असेल तर एक मेसेज जायला वीस मिनिटंही लागतात. उपकरण कड्यापासून लांब, मोकळ्या आकाशाखाली दगडावर ठेवा आणि हात लावू नका. रात्री ते आणि पॉवर बँक दोन्ही स्लीपिंग बॅगच्या आत, कारण थंडीत लिथियम बॅटरी भरलेली असूनही बंद पडते. फोनमधली उपग्रहाची एसओएस सोय मोजक्याच देशांत चालते, तिच्यावर कराकोरम किंवा अँडीजची आखणी करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर त्यासाठी लोकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. म्हणजे परांग ला किंवा पिन-पार्वतीसारख्या वाटांवर धागाकर्त्यांचं गृहीतक हा मताचा प्रश्नच नाही, तीच वस्तुस्थिती आहे. परदेशी ट्रेकला जाताना भारतातून प्रवास असेल तर तेही आधी तपासा.

प्राणवायू

उंचीच्या आजाराच्या बाजूने बोलतो. धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. बॅग आणि औषधं असली की चोवीस तासांच्या पलीकडचा मुक्काम चालेल, हा त्यांचा सूर धोक्याचा वाटतो.

दाबाची बॅग काय करते ते नीट समजून घ्या. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २ पीएसआयने वाढतो, त्यामुळे माणूस १५०० ते २००० मीटर खाली गेल्यासारखा होतो. वजन सातेक किलो. दाब भरल्यावरही मिनिटाला दहा ते वीस वेळा पंप मारत राहावं लागतं, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साठतो. हे सलग काही तास करायचं, ५००० मीटरवर, रात्री. दोन माणसांच्या गटाला ते झेपत नाही. फुप्फुसात पाणी असलेल्या माणसाला सपाट झोपवत नाही, म्हणून डोक्याकडची बाजू दगड-पिशव्यांनी उचलून घ्यावी लागते. उलटी होणाऱ्याला आणि शुद्ध हरपलेल्याला आत ठेवणं जोखमीचं. बाहेर काढल्यावर काही तासांत लक्षणं परत येतात. बॅग इतकंच करते की झोपून असलेला माणूस चालण्याइतका बरा होतो. चालायला वाटच वर जात असेल तर मिळालेले ते तास वाया.

औषधांचंही तसंच. मेंदूला सूज असेल तर डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. फुप्फुसाच्या त्रासाला निफेडिपिन सावकाश सुटणारं ३० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. हे डोस जाण्याआधी आपल्या डॉक्टरकडून तपासून, लिहून घ्यावेत, कारण निफेडिपिन रक्तदाब पाडतं आणि अॅसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळायला घेतलं जाणारं औषध काहींना चालत नाही. डेक्सामेथासोनने माणूस उठून बसतो आणि गट त्याला वर घेऊन निघतो, ही यातली सगळ्यात घातक चूक. आजार तिथेच असतो, लक्षणं झाकली जातात.

माझं म्हणणं असं की खरा बचाव आखणीच्या पहिल्या आठवड्यात होतो. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढा. गरज असेल तर अॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आणि ज्या टप्प्यातून उतरायला वाट नाही त्यात शिरण्याआधी तेवढ्याच उंचीवर दोन रात्री अशा जागी काढा, जिथून उतरता येतं. फुप्फुसाचा त्रास बहुतेकदा नव्या उंचीवर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उमटतो. तो दाराच्या अलीकडे उमटू दे.

चालता_वारा

तुम्ही सगळे वजन वाढवत चालला आहात. सात किलोची बॅग, ती ओढायला माणसं, त्या माणसांचं अन्न, त्या अन्नासाठी आणखी माणसं. पंचवीस जणांचा तांडा ताजं बर्फ पडलेल्या खिंडीवर अडकतो, तिथे चार जण पहाटे निघून उन्हाआधी पार होतात. हिमनदीतून निघालेल्या नद्यांचंही तेच. पामीरमध्ये सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारनंतर वितळलेल्या पाण्याने मांडीच्या वर जातो. पहाटे ओलांडायचा, सॅकचा कंबरपट्टा सोडून, वाटेल तिथे नव्हे, तर सर्वांत रुंद आणि फाटे फुटलेल्या जागी. हलका गट हे वेळेवर करतो. जडशीळ गट दुपारी काठावर पोचतो आणि वेळापत्रक सांभाळायला पाण्यात उतरतो. धोक्याच्या जागी कमी वेळ घालवणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

प्राणवायू

नदीबद्दल शंभर टक्के. पण हलका गट भरभर चालतो म्हणून शरीर भरभर रुळत नाही. पाठीवर आठ किलो असो की अठरा, ५०० मीटरचा नियम तोच. उलट ज्यांना पटपट चालता येतं तेच दोन मुक्काम एका दिवसात उरकतात आणि आजारी पडतात. वेग खिंडीच्या आणि पाण्याच्या दिवशी वापरा, झोपण्याच्या उंचीवर नको.

ओझेकरी

या चर्चेत 'उचलण्याइतकी माणसं' असा शब्दप्रयोग आला आणि ती माणसं कोण, हे कुणी लिहिलं नाही. पोर्टर. बचाव येणार नाही हे गृहीत धरायचं असेल तर ते त्यांच्यासाठी आधी धरा. त्यांना उंचीचा त्रास होत नाही हा समज खोटा आहे. नेपाळमध्ये अनेक पोर्टर सखल भागातून येतात आणि तुमच्याइतकेच आजारी पडतात, फक्त रोज बुडेल म्हणून सांगत नाहीत.

इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपने नेपाळसाठी ३० आणि पाकिस्तान-पेरूसाठी २५ किलोची कमाल मर्यादा सांगितली आहे. ती त्यांच्या स्वतःच्या सामानासकट मोजा. निघण्याआधी एजन्सीला लेखी विचारा: त्यांचा विमा किती रकमेचा, त्यात हेलिकॉप्टर येतं का, खिंडीच्या दिवशी बूट-चष्मा-हातमोजे कोण देणार, रात्री ते कुठे झोपणार. आजारी पोर्टरला पैसे देऊन एकट्याने खाली पाठवणं, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि त्यातच ते मरतात. त्याच्या सोबत त्याची भाषा बोलणारं माणूस द्या. हिमरेषा, तुमच्या त्या तासांच्या आकड्यात हे दोन जण वजा करून उरलेला गट पुरतो का, तेही लिहा.

कातळकडा

ओझेकरींशी पूर्ण सहमत. याच कारणासाठी मी बचावाच्या तयारीवर जोर देतो आहे. 'येणार नाही' म्हटलं की कागदपत्रांची तयारी कुणीच करत नाही, आणि मग खरोखर कुणी येत नाही.

पाकिस्तानात हेलिकॉप्टर लष्करी व्यवस्थेतून येतं आणि पैशांची ठेव किंवा हमी आधी नसेल तर उडत नाही. नेपाळमध्ये उलट टोक. २०१८ मध्ये सरकारी चौकशीत गरज नसताना उडवलेल्या फेऱ्या आणि फुगवलेली बिलं उघड झाली, म्हणून विमा कंपन्या आता पूर्वपरवानगीवर अडून बसतात. पॉलिसीत उंचीची मर्यादा बघा, ती ४००० किंवा ४५०० मीटरचीही असते. शोध आणि सुटका हे वेगळे खर्च आहेत, शोधाचा खर्च अनेकदा धरलेलाच नसतो. पॉलिसी क्रमांक, चोवीस तासांचा फोन, दूतावास, एजन्सीतला रात्री फोन उचलणारा माणूस, हे सगळं एका कागदावर, मेसेंजरमध्ये आणि घरच्या माणसाकडेही.

हिमरेषा

हे सगळं करा, माझी ना नाही. तरीही हेलिकॉप्टर येईल तेव्हा सकाळच असेल, कारण दुपारी दऱ्यांत ढग भरतात. विरळ हवेत त्याची उचलण्याची ताकद घटते. २००५ मध्ये एक हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं होतं, पण तो जवळजवळ रिकाम्या यंत्राचा विक्रम होता, माणसं उचलायची नेहमीची उंची त्याच्या बरीच खाली आहे. ढग तीन दिवस हलले नाहीत तर तुमच्या कागदावरचा प्रत्येक नंबर बरोबर असूनही तंबूत तुम्हीच असता.

प्राणवायू यांची दुरुस्ती मात्र मान्य करतो. माझा नियम बदलून असा मांडतो: आकडा चोवीस तासांच्या पुढे असेल तर बॅग आणि माणसं हवीतच, शिवाय त्याच उंचीवर दोन रात्री दाराच्या अलीकडे काढल्याशिवाय आत शिरायचं नाही. ओझेकरींचे दोन जण वजा करून. याने स्नोमॅनसारख्या वाटेचे तीन-चार दिवस वाढतात, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंतच्या त्या अरुंद हंगामात ते बसवणं कठीण आहे, हे मला माहीत आहे.

चालता_वारा

मग खिंडी बंद होण्याची जोखीम त्या चार दिवसांनी वाढली, ती कुठे लिहिलीत?

प्राणवायू

दिवस पुढे वाढवू नका, आधी वाढवा. स्नोमॅनवरच्या लाया गावाच्या वरच्या कुरणांत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोचा, पाऊस असला तरी. ओल्या तंबूत काढलेल्या दोन रात्री पुढच्या गोफू ला खिंडीवरच्या बर्फापेक्षा परवडतात.