शाश्वततेचा खर्च कोणाच्या पट्टीतून कापायचा?

कादवाकाठ (निफाड)

युरोपातील सुपरमार्केटला द्राक्षे पाठवायची म्हणजे बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून औषधांच्या अवशेषांची तपासणी, चांगल्या शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅप हे प्रमाणपत्र आणि बहुतेक खरेदीदारांसाठी त्याच्या जोडीला मजुरांच्या हिताची ग्रास्प ही तपासणी, एवढे सारे लागते. मला यातील एकाही गोष्टीचे वावडे नाही. औषधांसाठी वेगळी खोली बांधली, तिला कुलूप घातले, वाळूची बादली ठेवली, धोक्याची पाटी रंगवून घेतली, मजुरांसाठी दोन शौचालये उभी केली. माझी तक्रार पुढची आहे. माल गेल्यावर जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हाती आली तिच्यात पॅकिंग, प्री-कूलिंग, वाहतूक आणि तपासणी यांच्या कपातींना स्वतंत्र रकाने होते. मात्र हे सगळे पाळल्याबद्दल किलोमागे एक रुपया जास्त मिळाला, असे सांगणारा रकाना शोधूनही सापडला नाही.

डिसेंबर 2023 पासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर पोहोचायला कितीतरी दिवस जास्त लागले, इंधन जास्त जळले, भाडे वाढले आणि त्याचा भार फिरून आमच्याच दरावर आला. त्या जास्तीच्या धुराचा हिशोब कोणी मागितल्याचे मी ऐकले नाही. माझ्या फवारणीच्या ब्लोअरला किती डिझेल लागते, हे मात्र विचारले गेले. माझ्या मते सध्याची शाश्वतता म्हणजे साखळीच्या वरच्या टोकाची जबाबदारी खालच्या टोकाच्या खर्चाने पार पाडण्याची सोय आहे. इतरांचे मत वाचायला आवडेल.

पॅकहाऊसचा माणूस (पिंपळगाव बसवंत)

असहमत, आणि कारण जुने आहे. 2010 चा हंगाम आपण विसरलात काय? वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, त्याचे अवशेष युरोपात सापडले आणि माल अडकला. ते रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते, त्यामुळे हातात स्वच्छ अहवाल असलेली माणसेसुद्धा बुडाली. कर्ज काढून बाग उभी केलेल्या कित्येकांना त्या एका हंगामाची झळ पुढची अनेक वर्षे लागली. आज फवारणी आणि काढणी यांतील दिवस मोजले जातात, नोंदवही तपासली जाते आणि कोणत्या बागेचा माल कोणत्या खोक्यात आहे ते शोधता येते, म्हणून एका बागेच्या चुकीची शिक्षा सगळ्या जिल्ह्याला होत नाही. ही व्यवस्था आपल्यावर लादली गेली हे खरे असले, तरी तिचा पहिला लाभ आपल्यालाच झाला.

जादा दराचे म्हणाल, तर गाडी चालवण्याचा परवाना काढला म्हणून कोणी भाडे वाढवून देत नाही. आणि नोंदवह्यांबद्दल स्पष्ट बोलायचे तर आमच्याकडे अशा वह्या येतात, ज्यांत चार महिन्यांच्या फवारण्या एकाच शाईने, एकाच हाताने आणि बहुधा एकाच रात्रीत लिहिलेल्या असतात. आधी ते सुधारावे, मग दराची भाषा करावी.

अंबडची कार्यशाळा (नाशिक)

द्राक्षांतले मला कळत नाही, मी बोल्ट बनवतो. पण दुखणे तेच आहे. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन कराच्या, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरील आकारणीच्या, कक्षेत पोलादाबरोबर स्क्रू आणि बोल्टही आहेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा भाग सुरू झाला. मी थेट निर्यात करत नाही, तरी माझा माल घेणाऱ्या निर्यातदाराने मला भलामोठा तक्ता पाठवला. त्यात विचारले होते की तुमच्या बोल्टचे पोलाद कोणत्या कारखान्यात, कोणत्या पद्धतीने तयार झाले. मी तारेची वेटोळी व्यापाऱ्याकडून, लागेल तशी घेतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, जाडी सांगा, गाव कशाला विचारता?"

धागालेखकांशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. खरी नोंद दिली नाही तर ठरावीक चढे मूल्य धरले जाते. भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा उत्सर्जनाचा आकडा कोळशाच्या झोतभट्टीतील पोलादापेक्षा बराच कमी येतो. माझा माल त्या कमी आकड्याचा असण्याची शक्यता आहे, पण माझ्याकडे कागद नाही म्हणून मी जास्त आकड्यात मोजला जाणार. कागदाचा कंटाळा मला परवडणारा नाही. फक्त तो कागद मिळवून देण्याचे काम मोठ्या कारखान्याने आणि व्यापाऱ्याने करावे, चार मशीन असलेल्या माणसाने नव्हे.

सुरगाण्याची

माझी आई वीस वर्षे विरळणीच्या (घडातले जास्तीचे मणी काढण्याच्या) टोळीबरोबर दिंडोरी आणि निफाडच्या बागांत गेली. बाया सकाळी पाणी पीत नसत, कारण दिवसभर आडोसा नसे. तपासण्या सुरू झाल्यावर पहिल्यांदा बागेत शौचालय आले, हे मी नाकारणार नाही. पण एका बागेत तपासणीच्या दिवशी त्याचे कुलूप उघडले होते आणि दुसऱ्या दिवशी आत रिकामे क्रेट रचलेले होते. तपासायला आलेल्या माणसाने मजुरीबद्दल विचारले तेव्हा मालक आणि मुकादम दोघे शेजारी उभे होते. आईने "बरी आहे" असे सांगितले. दुसरे काय सांगणार होती?

वरचे तिघेही पट्टीबद्दल बोलत आहेत. आमचे नाव पट्टीवर कधीच नसते. काम एकराप्रमाणे उक्ते ठरते, पैसे मुकादमाच्या हातात जातात, दिवाळीला घेतलेली उचल त्यातून वळती होते. तेव्हा तपासणी जाचक आहे हे मला मान्य नाही. ती जिथे पोहोचायला हवी तिथे अजून पोहोचलेलीच नाही.

कादवाकाठ

सुरगाण्याच्या ताईंनी क्रेटचे लिहिले ते वाचून बरे वाटले नाही, कारण माझ्या दोनपैकी एका शौचालयात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ठेवलेली आहेत. ती आज काढतो. पॅकहाऊसच्या मित्रांनी एका शाईच्या वहीबद्दल लिहिले, तेही मी लागू करून घेतो.

तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. पुरवठादारांकडील मानवी हक्कांची काळजी घेण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या तिथल्या शासकीय यंत्रणेनेच स्पष्ट केले की कंपन्यांना आपली जबाबदारी सरसकट पुरवठादारांवर ढकलता येत नाही. म्हणजे मी मागतो आहे ते त्यांच्याच घरचे आहे. परवान्याच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणेन की परवाना एकदा काढतात. इथे दर हंगामाला नवा कागद येतो आणि दराची हमी एका हंगामाचीही नसते.

पॅकहाऊसचा माणूस

आमचाही बराच माल युरोपात विकेल त्या भावाने जातो, हे लक्षात घ्यावे. ठरलेला दर फक्त काही सुपरमार्केटच्या कार्यक्रमांत मिळतो. तेवढ्या मालापुरता तपासणीचा खर्च निम्मा वाटून घेण्यावर बोलता येईल, सगळ्या मालासाठी आमच्याही अंगावर येईल.

कादवाकाठ

तेवढ्यापासून सुरुवात करू. गोडी (फळधारणेची) छाटणी तोंडावर आली आहे. माझ्या निर्यातदाराला यंदाच्या कराराचा मसुदा पाठवतो आहे, त्यात तपासणी खर्चाचा वेगळा रकाना घातला आहे. उत्तर आले की येथे लिहीन.

सुरगाण्याची

त्याच कागदावर विरळणीचा उक्ता दरही लिहा, आणि एक प्रत मुकादमाला न देता टोळीतल्या बायांना द्या. आमच्यातल्या दोघी-तिघींना वाचता येते.