उभी असताना थंड राहणारी जुनी गाडी वेगात का तापते?

प्रश्न: माझ्या जुन्या गाडीचे इंजिन उभ्या जागी अर्धा तास चालले तरी तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, मात्र मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की तो लाल पट्ट्याला भिडतो. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह सोडणारी झडप) नवा बसवला, पंख्याचा पट्टाही ताणून घेतला, तरी फरक पडलेला नाही. दोष कुठे शोधावा?

पहिले उत्तर: गाडी उभी असताना तापली असती, तर मी आधी पंख्यावर संशय घेतला असता. वेगात तापते, तेव्हा बहुधा पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो. रेडिएटरच्या (इंजिनातले गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजपाइपकडे, म्हणजे रबरी नळीकडे, लक्ष ठेवून इंजिनाची गती वाढवा; तिला आतून आधार देणारी स्प्रिंग गंजून गेली असेल, तर पाण्याच्या पंपाच्या ओढीने मऊ पडलेले रबर चपटे होते आणि प्रवाह तुंबतो.

दुसरे उत्तर: पाइप ठीक निघाला, तर रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत का, हे पाहावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबरही तपासावे, कारण दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळते. परंतु इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: गती वाढवताच पाइप खरोखर चपटा झाला. काढून पाहिला, तर आत स्प्रिंगचे तांबूस, ठिसूळ तुकडे मिळाले. नवा पाइप बसवण्यापूर्वी रेडिएटरमध्ये उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुऊन घेत आहे.