पाळी गेल्यानंतरची हार्मोनची गोळी हृदयासाठी घ्यावी का?

प्रश्न
माझे वय 51 असून पाळी बंद होऊन सव्वा वर्ष झाले. रात्री दोन-तीनदा अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, मानेखालची उशी ओली होते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनची गोळी सुचवली आहे. माझी थोरली बहीण 64 वर्षांची आहे. तिला असा त्रास नाही, पण रक्तदाब आहे, आणि हार्मोनमुळे हृदय सुरक्षित राहते असे कुणीतरी सांगितल्याने तीही हीच गोळी सुरू करायची म्हणते. आम्हा दोघींना एकच उत्तर लागू पडेल का?

प्रतिसाद 1
ताई, आधी बहिणीला थांबवा. हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे जुन्या पाहण्यांत दिसले होते खरे, पण त्या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असत. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने 16,608 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखे काम करणारे प्रोजेस्टिन, तर दुसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली, आणि ही चाचणी जुलै 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या 7, पक्षाघाताच्या 8 आणि स्तनाच्या कर्करोगाच्या 8 घटना जास्त आढळल्या. केवळ हृदयाच्या रक्षणासाठी ही गोळी घेऊ नये.

प्रतिसाद 2
वरील माहिती बरोबर आहे, पण तेवढ्यावरून तुम्ही स्वतः घाबरून जाऊ नये. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. तरीही ती भीती पन्नाशीतल्या, रात्र-रात्र जागणाऱ्या बायकांच्या माथी मारली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाळी जाऊन 6 वर्षे झालेली नसताना इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत जाड होण्याचा (रोहिण्या खराब होत असल्याची ही खूण) वेग मंदावला, मात्र 10 वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांना तो लाभ मिळाला नाही. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षे होण्यापूर्वी, त्रास असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार यांपैकी काही पूर्वी झालेले नसेल, तर फायदा बहुधा धोक्याहून मोठा ठरतो. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये ती अडचण बरीच टळते, म्हणून डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा. गर्भाशय काढलेले नसेल तर प्रोजेस्टेरॉनही सोबत घ्यावेच लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. माझी पिशवी काढलेली नाही, त्यामुळे शेवटचा मुद्दा थेट माझ्या कामाचा आहे. आमच्या आईला साठीनंतर पायात रक्ताची गुठळी झाली होती, हे मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. आता ते सांगून पट्टीविषयी विचारेन. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र अधूनमधून चुकतात, तेव्हा तिच्या हृदयासाठी आधी त्याच नेमाने सुरू करते.