बोअर एकच, पाणी एकच, मग मुतखडा मलेच काहून?

सोयाबीनवाला: आमच्या घरी सगळेच बोअरचं पाणी पेतात, क्षार एवढे का गंजाच्या (पाण्याच्या भांड्याच्या) बुडाले पांढरी खपली धरते. पण खडा फक्त मलेच, लहान्या भावाले काईच नाही. एक पडला तं सोनोग्राफीत आता दुसरा निघाला, 6 एमएमचा. गावातले म्हणतात पाणी बदल, दही बंद कर. मोबाईलवर वाचलं का किडनीच्या पेशीतच बिघाड होते म्हणून खडा धरते, खरं हाय का हे?

बीअर_भाऊ: बीअर पे भाऊ, धडाधड निघते 😄

लॅबवाला_अमरावती: बीअरनं यूरिक अ‍ॅसिड वाढते, नको ते. अन् हाव, पेशीचा संबंध हाय. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाजीत असते तो पदार्थ), अन् कॅल्शियम, ऑक्झलेट दोन्ही सगळ्यांच्याच लघवीत असते, बारीक कण बनले तरी वाहून जातात. गंजाले आपोआप खपली धरते, पण किडनीतली भिंत जिवंत हाय. ऑक्झलेट लय झालं का नळीच्या पेशीतला मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा बनवणारा भाग) बिघडते, ऊर्जा कमी बनते, फ्री रॅडिकल (पेशीले इजा करणारे कण) वाढतात, पेशी दुखावते अन् मग जो कण निघून गेला असता तो तिथंच चिकटते. रँडल नावाच्या डॉक्टरनं 1937 मध्येच दाखवलं होतं का किडनीच्या टोकाशी आधी कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसते अन् त्याले धरून खडा वाढते.

निशिगंधा: यात सायट्रेट राहिलं. सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा बनू देत नाही. पण शरीरात आम्ल वाढलं किंवा पोटॅशियम कमी पडलं की किडनीच्या पेशी ते सायट्रेट स्वतःच जाळून टाकतात, लघवीत उतरतं थोडंच, म्हणून तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात (मनानं घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम धोक्याचं). शुगरवाल्यांचं अजून वेगळं, त्यांच्या पेशी अमोनिया कमी बनवतात, लघवीचा पीएच 5.5 च्या खाली जातो, म्हणजे लघवी जास्त आम्लधर्मी होते, आणि यूरिक अ‍ॅसिडचे खडे होतात. तुम्हा दोघा भावांत असा कुठलाही फरक असू शकतो, 24 तासांच्या लघवीची टेस्ट केल्याशिवाय कळायचं नाही.

आणि दही कशाला सोडता?? जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं, दही सोडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. कमी करायचं तर पालक आणि मीठ करा. वरुड-मोर्शीची संत्री खा, त्यात सायट्रेट आहे. मे महिन्यात वावरात असाल तर घामातच सगळं जातं, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या, बोअरचं असलं तरी चालेल. दुखण्यासोबत ताप आला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

सोयाबीनवाला: आईनं मागच्या महिन्यापासून ताकही बंद केलं होतं माह्यं! शुगर बॉर्डरवर हाय म्हणे. पडलेला खडा डबीत ठेवला हाय, तपासता येते का?

लॅबवाला_अमरावती: येते ना, कोरडाच आणजा.