उसिक–फ्युरी फेरलढत: अंदाज नेमका कशाच्या आधारावर बांधावा?

कोथरूडकर (शुक्रवार, २० डिसेंबर २०२४, रात्री)

उद्या मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या रविवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास, रियाधमध्ये हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातले) मुष्टियोद्धे ऑलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी पुन्हा एकदा समोरासमोर उभे राहणार आहेत. आमच्या सोसायटीतली काही मंडळी माझ्याकडे सामना पाहायला जमणार असून, पहिली घंटा वाजण्याआधी प्रत्येकाने विजेता आणि निकालाचा प्रकार चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असे ठरले आहे. पैशांचा व्यवहार नाही. ज्यांचा अंदाज चुकेल त्यांनी सकाळी बाकीच्यांना नाश्ता द्यायचा, एवढीच पैज आहे.

अडचण अशी की, १८ मेची पहिली लढत मी लक्षपूर्वक पाहिली असूनही माझे मत बनत नाही. एका पंचाने उसिकला ११५–११२, दुसऱ्याने उसिकलाच ११४–११३ आणि तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ असे गुण दिले होते, आणि इतक्या थोडक्यात सुटलेल्या लढतीनंतर नाणे उडवण्यापलीकडे काय करायचे, हे कळत नाही. त्यातच आज वजने जाहीर झाली. मे महिन्यात २६२ पौंड भरलेला फ्युरी या वेळी २८१ पौंड, म्हणजे जवळजवळ एकशे साडेसत्तावीस किलो भरला आहे, तर उसिक २२३.५ वरून २२६ वर आला आहे. आमच्यातल्या काहींच्या मते हे वजन म्हणजे फ्युरीने आखलेला बेत आहे, आणि काहींच्या मते तो निव्वळ तयारीतला आळस आहे.

फेरलढतीचा अंदाज बांधताना पहिल्या लढतीतले नेमके काय जमेस धरावे आणि काय सोडून द्यावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन.

पेठेतला प्रेक्षक (शुक्रवार, २० डिसेंबर, रात्री उशिरा)

गुणपत्रकांपासून सुरुवात करतो, कारण ती वरवर वाचली जातात. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण मिळतात. हरणारा त्या फेरीत एकदा खाली गेला असेल, किंवा रेफरीने त्याला तसे धरले असेल, तर त्याला ८ मिळतात. आता उसिकच्या बाजूचे ११४–११३ हे गुण उलगडून पाहा. त्या पंचाने बारापैकी सहा फेऱ्या उसिकला आणि सहा फ्युरीला दिल्या होत्या, आणि फरक पडला तो केवळ नवव्या फेरीतल्या त्या ८ गुणांमुळे. फ्युरीला ११४–११३ असे विजयी ठरवणाऱ्याच्या मते फ्युरीने सात फेऱ्या जिंकल्या होत्या, आणि ११५–११२ देणाऱ्याच्या मते उसिकने सात. नववी फेरी साधी १०–९ अशी उसिकला गेली असती, तर एक गुणपत्रक उसिकचे, एक फ्युरीचे आणि एक बरोबरीचे होऊन लढत अनिर्णित राहिली असती.

म्हणून ती फेरी पुन्हा नीट पाहावी. उसिकचा डावा हात बसल्यावर फ्युरीचे पाय त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. ठोसे खात तो एका दोरावरून दुसऱ्या दोरावर जाऊन आदळत राहिला, आणि दोर नसते तर तो आडवाच झाला असता हे स्पष्ट दिसत असल्यामुळे रेफरी मार्क नेल्सन मध्ये आले आणि त्यांनी उभ्या फ्युरीला मोजले, म्हणजे तो खाली पडला असे धरून आठपर्यंत आकडे मोजले. फेरी संपत आली होती, म्हणून तो वाचला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फेरलढतीत माझ्या मते पहिल्या निकालापेक्षा पराभवाचे कारण तपासावे: हरलेला माणूस सुधारता येण्याजोग्या चुकीमुळे हरला, की समोरच्याच्या अंगभूत गुणामुळे हरला? १९३६ मध्ये माक्स श्मेलिंगने ज्यो लुईला बाराव्या फेरीत बाद केले ते एका सवयीचा फायदा घेऊन. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून झाल्यावर लुईचा डावा हात खाली राहत असे, आणि त्या मोकळ्या वाटेने श्मेलिंगचा उजवा हात आत शिरत असे. सवय मोडता येते; लुईने ती मोडली आणि २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियममध्ये १२४ सेकंदांत निकाल लावला. शुगर रे लेनर्डचेही तसेच. १९८० च्या जूनमध्ये माँट्रियलला तो रॉबर्टो दुरानशी दुरानच्याच पद्धतीने, अंगाला अंग भिडवून लढला आणि गुणांवर हरला. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला त्याने पायांचा वापर करून दुरानला असे काही झुलवले की आठव्या फेरीत दुरानने स्वतःहून लढत सोडली.

याच्या उलट उदाहरण खुद्द उसिकचेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये उसिककडून हरल्यानंतर अँथनी जोशुआने प्रशिक्षक बदलला, पवित्रा अधिक आक्रमक केला, आणि २० ऑगस्ट २०२२ रोजी जेद्दामध्ये तो आधीपेक्षा निश्चितच चांगला लढला; एका पंचाने तर त्याला ११५–११३ असे विजयी ठरवले. नवव्या फेरीत त्याने उसिकला हैराण केले, पण दहाव्या फेरीत उसिकने जे उत्तर दिले, त्याला जोशुआकडे उत्तर नव्हते, आणि बाकी दोन्ही पंचांनी उसिकलाच कौल दिला. जोशुआने आपल्या चुका सुधारल्या होत्या; उसिकचे पाय आणि त्याची दम टिकवण्याची ताकद या जोशुआच्या चुका नव्हत्या.

फ्युरीच्या बाबतीत सुधारण्याजोगी एकच गोष्ट मला दिसते: सुरुवातीच्या फेऱ्यांत हात खाली सोडून केलेली मस्करी. ती टाळली तर त्याच्या पदरात एखादी फेरी जास्त पडेल. परंतु उत्तरार्धात वाढत जाणारा उसिकचा वेग ही फ्युरीच्या हातातली बाब नाही. माझा कौल उसिकला, गुणांवर, ११५–११३ च्या आसपास.

हडपसरचा हेवीवेट (शनिवार, २१ डिसेंबर, सकाळी)

पेठेतल्या प्रेक्षकांनी कसोटी चांगली सांगितली, पण फ्युरीला ती लावताना त्याच्याच इतिहासाकडे काणाडोळा केला आहे. फेरलढतीत स्वतःला आमूलाग्र बदलण्याचे आजच्या हेवीवेटमधले सर्वांत मोठे उदाहरण फ्युरीच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध तो २५६.५ पौंड वजनाने उतरला, मागे सरकत, ठोसे चुकवत लढला, नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला आणि लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रशिक्षक शुगरहिल स्टुअर्ड यांना सोबत घेऊन तो २७३ पौंडांनी आला, पहिल्या घंटेपासून पुढे चालत गेला आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्या बाजूने हार मानली गेली. त्या वेळीही वजनाच्या काट्यावरचा आकडा पाहून तो ढिला पडल्याची चर्चा झालीच होती.

लाल मातीत वजनदार पैलवान हलक्या पैलवानाच्या मानेवर हात टाकून त्याच्याकडून स्वतःचा भार वाहून घेतो आणि डाव टाकण्याआधीच त्याचा दम काढतो. फ्युरी क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याला बिलगून धरताना, नेमके तेच करतो. कालच्या वजनांनुसार दोघांत ५५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २५ किलोंचा फरक आहे, आणि मे महिन्यात तो साडेअडतीस पौंडांचा होता. शिवाय फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३ इंच. बिलगण्याच्या प्रत्येक प्रसंगी उसिकच्या मानेवर आणि खांद्यांवर हा सगळा भार येणार आहे.

दुसरे असे की, पहिल्या लढतीत सहाव्या फेरीत फ्युरीच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) उसिक अडचणीत आला होता, हे नवव्या फेरीच्या गदारोळात विसरले जाते. पोटावरचा मारा उसिकला सोसत नाही, असा संशय ऑगस्ट २०२३ मध्ये व्रोत्सवाफला डॅनियल डुबॉइसच्या त्या वादग्रस्त ठोशापासून आहेच. रेफरीने तो कमरेखालचा ठरवला, पण उसिक बराच वेळ जमिनीवर होता हे खरे आहे. फ्युरीने या वेळी अंतर राखण्याऐवजी जवळ जाऊन पोट फोडायचे ठरवले असेल, तर वाढलेल्या वजनाचा अर्थ लागतो. माझा अंदाज: फ्युरी, नवव्या किंवा दहाव्या फेरीत, रेफरीने लढत थांबवून.

रात्रपाळी (शनिवार, दुपारी)

एका मुद्द्यापुरते लिहितो. नवव्या फेरीत मोजणी झाली नसती तर लढत बरोबरीत सुटली असती, हा हिशेब कागदावर बिनचूक आहे, पण त्यात रेफरी मध्ये न येता लढत तशीच चालू राहिली असती तर काय झाले असते, हे गृहीतच धरलेले नाही. मोजणीमुळे फ्युरीला डोके ठिकाणावर आणायला आठ सेकंद मिळाले, आणि लगेच घंटा झाली. उसिकला आणखी दोन-तीन मोकळे ठोसे मिळाले असते तर गुणपत्रके उघडायची वेळच आली नसती, असे मानणारे अनेक जण आहेत आणि मी त्यांच्यातलाच एक आहे. त्यामुळे ११४–११३ या आकड्यावरून दोघे तुल्यबळ आहेत असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

मुंढव्याचा डावखुरा (शनिवार, संध्याकाळी)

हौशी स्पर्धांत मी डाव्या हाताने लढलो आहे आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या परिसरात राहत असल्यामुळे बॉक्सिंगची चर्चा रोजच कानावर पडते, म्हणून वजनाबद्दलच्या मुद्द्याला थोडे तांत्रिक उत्तर देतो.

वाइल्डरचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण वाइल्डर सरळ रेषेत पुढे येतो आणि सरळ रेषेतच मागे जातो. त्याच्यावर भार टाकायला तो जागेवर सापडतो. उसिक डावखुरा आहे. उजव्या हाताने लढणाऱ्यासमोर डावखुरा उभा राहिला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात, आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला राहील त्याचा मागचा हात समोरच्याच्या दोन्ही हातांच्या मधून सरळ आत जातो. ही बाहेरची जागा मिळवण्यासाठी उसिक ठोसा मारल्यानंतर कधीही तिथेच उभा राहत नाही, अर्धे पाऊल उजवीकडे सरकतो, आणि समोरच्याला प्रत्येक वेळी पुढचा पाय उचलून नव्याने उभे राहावे लागते. लंडन ऑलिंपिकमध्ये ९१ किलो गटात सुवर्णपदक मिळवतानाही त्याचे पाय असेच चालत होते. आता १२७ किलो वजनाच्या माणसाने असे शेकडो वेळा पाय उचलायचे म्हणजे काय, हे ज्याने जड अंगाने दोरीवरच्या उड्या मारल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको. बिलगण्यासाठी आधी पकडता यावे लागते.

वजन वाढवून फेरलढतीला येणाऱ्याचे दुसरे उदाहरणही समोर ठेवा. जून २०१९ मध्ये जोशुआला सातव्या फेरीत थांबवणारा अँडी रुईझ डिसेंबरमध्ये २६८ वरून २८३.५ पौंडांवर गेला, आणि दहा पौंडांनी हलका झालेला जोशुआ बाराही फेऱ्या त्याच्याभोवती फिरत राहून गुणांवर सहज जिंकला. रुईझची शिस्त आणि फ्युरीची शिस्त यांत फरक असेल, हे मान्य. कालच्या वजनाच्या वेळी दोघेही अंगावर भरपूर कपडे ठेवूनच काट्यावर चढले होते, त्यामुळे २८१ मधले काही पौंड कापडाचे आहेत, हेही लक्षात घ्यावे. तरीही फ्युरी मे महिन्यापेक्षा जड आहे यात शंका नाही.

हडपसरच्या मित्राचा पोटावरच्या माऱ्याचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेणार नाही. फ्युरी जिंकलाच तर तो त्याच वाटेने जिंकेल, आणि त्यासाठी त्याला पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच उसिकचे पाय जड करावे लागतील. सातव्या फेरीपर्यंत उसिक तसाच सरकत असेल, तर पुढे फ्युरीला पर्याय उरत नाही.

उसिक त्याला थांबवेल असे मला वाटत नाही. २०१८ मध्ये बाराव्या फेरीत वाइल्डरच्या ठोशाने आडवा झालेला माणूस उठून उभा राहिला, आणि मे महिन्यात नवव्या फेरीनंतरही त्याने उरलेल्या तीन फेऱ्या उभ्याने काढल्या. मी चिठ्ठीवर ‘उसिक, गुणांवर’ असे लिहीन.

कोथरूडकर (शनिवार, रात्री)

सर्वांचे आभार. गुणपत्रकाचा हिशेब मी मघाशी कागदावर मांडून पाहिला आणि तो तंतोतंत जुळतो. रात्रपाळी यांच्या आक्षेपामुळे त्यावर किती भिस्त ठेवायची, तेही समजले. हडपसरकरांचे म्हणणे आमच्या इथल्या दोघांना इतके पटले आहे की त्यांनी फ्युरीचे नाव लिहून चिठ्ठ्या बंदही केल्या. मी ‘उसिक, गुणांवर, पण पंचांत मतभेद’ असे लिहिले आहे, कारण फ्युरी पूर्वार्धात पुरेशा फेऱ्या घेईल आणि किमान एक पंच त्याच्या बाजूने झुकेल, असे मला वाटते.

हडपसरचा हेवीवेट (शनिवार, रात्री)

फ्युरीवर मी ठाम आहे. डावखुऱ्यांनी सांगितलेली सातव्या फेरीची खूण मलाही मान्य आहे. फक्त तोपर्यंत उसिकच्या बरगड्या शाबूत असतील, हे मला मान्य नाही.